अनोळखी सहभागी

बेळगाव
मंगळवार, २० जानेवारी २०२६

आदरणीय आत्ती,
सविनय जय भीम.

मी तुला पत्र लिहावे इतका अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तरीही लिहीत आहे, या आगाऊपणाबद्दल आधी क्षमा मागते. शनिवारपासून तू फोन उचललेला नाहीस. यशपालदादा म्हणतो, "आई कामात हाय." तू कामात असतेसच, पण कामात असतानाही खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून तू माझ्याशी बोलत आली आहेस. त्यामुळे दादाच्या उत्तराचा अर्थ मला कळतो.

आपण दोघी अशा भाषेत कधी बोललो नाही. आपल्या बोलीत लिहिले तर मी लाडीगोडी लावीन आणि तू विरघळशील, अशी मला भीती वाटते. शाळेत शिकलेली भाषा जरा ताठ असते. तिच्यात मला लपायला जागा मिळणार नाही, असे समजून मी ती निवडली आहे. तू रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस, तेव्हा हेही वाचशील अशी आशा आहे.

तू मागे विचारले होतेस, "नेमकं काय शिकतीस गं तिथं? कम्प्युटर दुरुस्ती व्हय?" तेव्हा मी हसून विषय टाळला. आज सांगते. हे आठ आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. माणसाचे आणि संगणकाचे एकमेकांशी कसे जमते, का बिनसते, हे नवशिक्यांनी कसे पाहावे, एवढेच त्यात शिकवतात. पहिल्या दिवशी आमच्या नागेंद्र सरांनी फळ्यावर लिहिले, "यंत्रापुढे माणूस अडला, तर चूक यंत्र बनवणाऱ्याची." मी ते वाक्य वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या. प्रत्येक खिडकीपुढे "चुकीचं भरलंय, परत या" असे ऐकत आलेल्या आपल्या घराला हे वाक्य कुणीतरी आधीच सांगायला हवे होते, असे मला वाटले.

शनिवारी तू ज्या पडद्यासमोर बसलीस, तो एका दवाखान्यासाठी तयार होत आहे. रुग्णाने रांगेत उभे न राहता स्वतःच केसपेपर काढावा, असा त्याचा हेतू आहे. आम्ही शिकाऊ मुलांनी एकेक माणूस त्याच्यासमोर बसवायचा आणि तो कुठे अडतो ते टिपायचे होते. टिपणाऱ्याने बोलायचे नाही, हा नियम आहे. आपण मदत केली, तर यंत्र कुठे चुकले ते कळत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात "मदत हवी" असे हिरवे बटण होते. तू ते दाबले असतेस, तरच मला उठून तुझ्याजवळ येता आले असते.

तू जन्मसालापाशी अडलीस. सालांचे ते चाक चालू वर्षापासून सुरू होते आणि तुझे साल फार खाली होते. तू थोडेसे सरकवून "पुढे" दाबलेस आणि लाल अक्षरे उमटली : चुकीची माहिती. तू पुन्हा सरकवलेस. पुन्हा लाल. मी मागे बसून मनातल्या मनात म्हणत होते, दाब गं, ते हिरवे दाब. तुझे बोट त्या बटणापर्यंत गेले आणि मागे आले. मग तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. वेळ संपल्याचे सरांनी सांगितले आणि मी वही आवरीपर्यंत तू जिना उतरून गेली होतीस. आपले हॉस्टेलवर एकत्र जेवायचे ठरले होते.

मी गप्प बसले ते नियमामुळे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहिले.

तुझी,
समता


बेळगाव
बुधवार, २८ जानेवारी २०२६

आदरणीय आत्ती,
सविनय जय भीम.

फोनवर पाठवलेल्या मागच्या पत्राखाली निळ्या खुणा दिसल्या. म्हणजे तू ते वाचलेस. वाचून तुला काय वाटले, हे दाखवणारी खूण अजून कुणी बनवलेली नाही.

ताठ भाषेतही लपता येते, हे त्या पत्राने मला शिकवले. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरीही ते पत्र खोटे होते. शनिवारची गोष्ट मी पडद्यापासून सुरू केली. ती त्याआधीच, दारात सुरू झाली होती.

सहभागी अनोळखी असावा, हा या तपासणीचा पहिला नियम. ओळखीचे माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून वागते. आम्हाला स्टँडवर जाऊन कुणालातरी विचारायला सांगितले होते. मी गेले. खानापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका बाईंपुढे जाऊन उभी राहिले. वही उघडून पुन्हा मिटली. त्याच म्हणाल्या, "कसली पावती फाडतीस गं? आमाला कायबी नगो." मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी नुसती पाणपोईपर्यंत गेले. दहावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी एका बाईला एक वाक्य विचारू शकत नाही, हे कुणाला सांगायचे? म्हणून तुला फोन केला : "काम हाय, शनवारी अकराला ये." काय काम, ते सांगितले नाही. तू तंबाखूच्या वखारीतून अर्धा दिवस सुट्टी काढून, घरी न जाता तशीच आलीस.

तू दारात उभी राहिलीस, तेव्हा माझ्या शेजारी दिपाली बसली होती. ती कॅम्पातली, इंग्रजी माध्यमातली. मनाने चांगली आहे. तिने नाक किंचित आक्रसले, "तंबाखूचा वास येतोय ना?" असे इंग्रजीत म्हणाली आणि उठून खिडकी उघडली. तिने तुझ्याकडे पाहिलेही नव्हते. मी पाहिले. त्याच वेळी सर माझ्याकडे वळले : "समता, इवरु निमगे परिचय इद्दारा? ओळखीच्या आहेत का? असतील तर सांग. तपासणी मोजता येणार नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी आण, एवढंच."

एवढंच. खरे बोलण्याची शिक्षा एवढीच होती. मी म्हणाले, "नाही सर."

नियमामुळे नाही, आत्ती. वासामुळे. जो वास तुझ्या घरी राहताना पाचवीपासून बारावीपर्यंत माझ्या दप्तराला, माझ्या वेण्यांना होता आणि ज्याच्यामुळे मला गाढ झोप लागत असे.

तुला ऐकू गेले. सरांनी तुलाही कन्नडमध्ये तेच विचारले आणि माझ्याकडे न पाहता तू उत्तर दिलेस, "इल्ल री." नाही हो. मग माझ्यासमोर येऊन तू हात जोडून म्हणालीस, "नमस्कार, मॅडम." आयुष्यात कुणालाही, अगदी तहसीलदारालाही, जय भीम म्हटल्याशिवाय न बोललेली तू. मी कागदावरचा ठरलेला मजकूर वाचला : "आपले नाव सांगाल का?" तू नाव सांगितलेस. मी ते लिहून घेतले.

अजून एक आहे. तू जाताना डब्याची पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवून गेलीस. दिपालीने विचारले, "ही कुणाची?" मी म्हणाले, "त्या बाईंची राहिली असेल." असे म्हटल्यावर मला ती उचलता येईना. ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती.

आता जे लिहिते, ते लिहिताना अधिक लाज वाटते; पण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या तपासणीचे चित्रीकरण सरांना फार आवडले आहे. बाकीच्यांनी ज्यांना आणले ते सगळे न अडता पुढे गेले. अडून बसलेली तू एकटीच. "नवशिक्याने इतका संयम ठेवलेला मी पाहिला नाही," असे सर माझ्याविषयी सर्वांसमोर म्हणाले. शुक्रवारी, ६ तारखेला, दवाखान्याची माणसे येणार आहेत आणि तुझे चित्रीकरण मीच त्यांना दाखवायचे आहे. त्यानंतर एका शिकाऊ मुलीला तिथल्या कामावर सहा महिने घेणार आहेत. माझे नाव पुढे आहे. चित्रीकरण दाखवायला तुझी संमती पुन्हा घ्यावी लागते. तू "हो" म्हणशील का?

हे पत्र इथे थांबवते. जे मागत आहे ते पुन्हा वाचण्याचा धीर मला नाही.

तुझी,
समता


बेळगाव
रविवार, १ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळ

आदरणीय आत्ती,
सविनय जय भीम.

आताच निपाणीहून परत आले. आज तू जे बोललीस, ते मी इथे उतरवून काढत आहे. आमच्याकडे तशी पद्धत आहे. ज्याचे ऐकले, त्याला आपले टिपण परत वाचून दाखवायचे आणि विचारायचे : मी बरोबर ऐकले ना? जिथे चुकले असेल तिथे दुरुस्त कर.

मी उंबऱ्यात आले, तेव्हा तू ज्वारी निवडत होतीस. मी "आत्ती" म्हणाले. तू उठलीस, खुर्ची फडक्याने पुसलीस आणि म्हणालीस, "या की. बसा. कुठनं आला म्हणायचं?"

मी खाली सुपाशेजारी बसायला गेले, तर तू म्हणालीस, "खाली नगो बाई, साडी खराब हुईल तुमची. खुर्चीवर बसा." मी ड्रेस घातला होता. यशपालदादा मोरीतून ओरडला, "आये, समी हाय ती!" तू म्हणालीस, "आसंल. मला वळख न्हाय."

मग चहा आणलास. पाहुण्यांसाठी फळीवर उपडी ठेवलेली ती निळ्या फुलांची कपबशी काढलीस. तिला मी आजवर फक्त धुतले आहे. बशीत दोन बिस्किटे. दादा बाहेर येऊन कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हिला ह्यात? मग मला का गं पेल्यात?" तू म्हणालीस, "तू घरचा हाईस."

मी रडले. तू रडू दिलेस. नंतर ज्वारीतले खडे काढता काढता, मान वर न करता, तू म्हणालीस, "पितीस का आता? निवलं."

"पितीस." तू चुकून म्हणालीस की मुद्दाम, ते मी विचारले नाही. मी दुसरेच विचारले. तुझे बोट त्या हिरव्या बटणापर्यंत जाऊन परत का आले? आमच्या गटाने त्या एका हालचालीवर दोन दिवस चर्चा केली आहे. दिपालीचे म्हणणे, तुला ते बटण दिसले पण विश्वास वाटला नाही. दुसऱ्या एकाचे म्हणणे, वयस्क बायकांना मदत मागायला आवडत नाही.

तू जे उत्तर दिलेस ते असे : "बटण काय, बटण दिसलं हुतं की. मदत हवी, लिवलंय नव्हं मराठीत? दाबणारच हुते. मग डोसक्यात आलं, दाबलं तर उठून कोण येणार? तूच येणार. जवळ येऊन वाकून बगणार. आणि तू जवळ आलीस, की माझ्या तोंडातनं 'समे' निगणार. मग तुज्या सायबाला कळलं असतं. तू तर सगळ्यांच्या म्होरं न्हाई म्हणून बसलेलीस. मग बसले गप. लाल व्हायचं तेवढं हुईना का."

मी बरोबर ऐकले का, आत्ती?

बसमध्ये मी याच वाक्यांपाशी अडले होते. मी मागे बसून तू बटण दाबावेस म्हणून तळमळत होते आणि तू पुढे बसून, मला उघडे पडू द्यायचे नाही म्हणून, ते दाबत नव्हतीस. त्या खोलीतल्या कुणालाही हे दिसले नाही. चित्रीकरणातही दिसत नाही. तिथे फक्त एक बाई दिसते. अडलेली आणि मदत न मागणारी.

आणि त्यावरून आम्ही काय ठरवले आहे, हे तुला मी मागच्या पत्रात लिहिले नव्हते. निष्कर्ष माझ्याच वहीतून उचलला आहे : "अडलेला माणूसही 'मदत हवी' हे बटण वापरत नाही. ते काढून टाकावे." दवाखान्याच्या माणसांना फोनवरच हे ऐकून आनंद झाला. बटण नसले, म्हणजे ते दाबल्यावर धावून जायला माणूस ठेवावा लागत नाही. शुक्रवारी यावर शिक्कामोर्तब होईल. मग तुझ्यासारखी एखादी त्या यंत्रापुढे बसेल, लाल अक्षरे उमटतील आणि कोपऱ्यात काहीही नसेल. ते बटण माझ्या 'नाही'ने काढलेले असेल.

मी सरांना सांगायला हवे. सांगितले की तपासणी बाद, चित्रीकरण बाद, बहुधा मीही बाद. खोटा सहभागी आणणाऱ्याला प्रशिक्षणात ठेवत नाहीत, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले होते. त्याची भीती वाटत नाही असे लिहिणार नाही. वाटते. पण माझी अडचण आणखी एका जागी आहे. मी खरे सांगितले, की तुझे "इल्ल री" हेही खोटे ठरते. तुला मी न विचारता तिथे बोलावले, न विचारता परकी केले. आता न विचारताच तुला खोटे बोलणारी ठरवू का?

मागच्या पत्रातली विनंती मी मागे घेते. चित्रीकरण दाखवायला "हो" म्हणू नकोस. मला वेगळीच परवानगी हवी आहे. सांगू का?

तुझी,
समता


बेळगाव
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

आत्ती,
जय भीम.

काल तुझा रेकॉर्ड केलेला आवाज आला. इतक्या दिवसांनी तू फोनवर बोललीस, तेही मी समोर नसताना, एका दमात. तो मी जिन्यात बसून ऐकला. टिपणाची पद्धत मोडवत नाही, म्हणून इथे उतरवते.

"समे, लई लांबडं लिवतीस गं. तीनदा चष्मा पुसला. सांग जा. इचारायचं काय त्यात? पर माज्यावर दया दाकीवल्यागत सांगू नगोस. बिचारी आत्ती, अडाणी आत्ती, आसलं कायबी नगो. आणि मी खोटं बोलले ते बी सांग. तेवढं तू एकटीनं डोईवर घ्यायचं कारण न्हाय. माजं खोटं माजं हाय, मी समजून उमजून बोलले. आणि त्या मशीनवाल्याला म्हणावं, वरीस शोधायला किती वडायला लावतोस रं बाबा? मी काय शिवाजीच्या काळातली हाय व्हय? ठेवते. भाजी लागली."

शेवटी तू काही क्षण फोन बंद केला नव्हतास. कढईत उलथने खरवडल्याचा आवाज येत होता. राग गेल्याचे तू म्हणाली नाहीस आणि मीही तसे धरून चालत नाही.

काल रात्री सरांना सांगून टाकावे, असे वाटले होते. एकटीने, दार लोटून, हळू आवाजात. मग लक्षात आले की मला हळू आवाज हवा आहे, कारण "नाही" मी सर्वांसमोर म्हणाले होते आणि "हो" मला एकांतात म्हणायचे आहे. तो हिशेब बरोबर नाही. म्हणून आज, सर्वांच्या समोर, चित्रीकरण सुरू होण्याआधी.

काय बोलायचे ते ठरवले आहे. चित्रीकरण लावू न देता आधी मराठीत म्हणेन, "चित्रीकरणातली ती बाई माझी आत्ती, लक्ष्मीबाई. निपाणीच्या वखारीत काम करते. ओळख नाही, असे मी खोटे सांगितले आणि मला वाचवण्यासाठी तीही तसेच बोलली. म्हणून तिने बटण दाबले नाही. बटण राहू द्या." मग सरांसाठी कन्नडमध्ये, "इवरु नम्म अत्ते." म्हणजे, या आमच्या आत्ती; तिथे तो शब्द जवळजवळ आपलाच आहे. अडचण दवाखान्याच्या माणसांपुढे बोलायच्या इंग्रजीची आहे. त्या दिवशी सगळेजण तुला "आंटी, इकडे बसा", "आंटी, पाणी घ्या" म्हणत होते. तो शब्द वापरला, तर तू पुन्हा कुणाचीही होशील. म्हणून इंग्रजीतही मी "आत्ती" असेच म्हणणार आहे. कुणाला कळले नाही, तर विचारतील. विचारले, तर सांगेन.

हे पत्र मी आत जाऊन आल्यावर लिहू शकले असते. पण परत आल्यावर मी स्वतःला थोडी धीट, थोडी सोशिक करून लिहिले असते. माझी ती सवय आता मला ठाऊक झाली आहे. आत्ता तळहाताचा घाम फोनला लागला आहे आणि मी एकदा जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत जाऊन परत वर आले आहे. तुझ्याकडे एवढेच टिपण असू दे. हे एकदा तुझ्याकडे पोहोचले, की मला मागे फिरता येणार नाही. म्हणून आधी पाठवते आणि मग दार उघडते.

दिपाली बोलावते आहे. चित्रीकरण लावून तयार आहे, म्हणते.

समी

शुक्रवार, दिनांक ६ फेब्रुवारी २०२६, सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी पाठवले.